येसाजीचे कान

येसाजी भुवडचा कान म्हणजे काय चीज होती, ते म्हसळ्यात कुणालाही विचारा. झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. मशीन उघडायचं, आत डोकावायचं, डोकं खाजवायचं आणि पार्ट मागवायला लावायचा, ही त्यांची रीत. येसाजी मशीन उघडायच्या आधीच दुखणं सांगायचा. "फोन मशीनपाशी धरा," म्हणायचा आणि इकडे ओटीवर बसून चहाचा घोट घेत ऐकायचा. खडखड असली तर दातेरी चाक, घरघर असली तर पंखा, फटफट असली तर पट्टा सैल. मग स्कूटरच्या डिकीत नेमका तेवढाच पार्ट टाकून निघायचा. श्रीवर्धनपासून माणगावपर्यंत शाळा, पतपेढ्या, वकिलांची ऑफिसं, सगळीकडे त्याचं नाव झालं होतं ते या कानांमुळे, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा गर्व होता. असेना का. स्वतःच्या कष्टाने कमावलेला गर्व होता तो.

तोच कान गेलं वर्षभर दगा देत होता.

अगदीच गेला नव्हता, बरं का. एसटी आली, म्हैस हंबरली, ढोल वाजला, सगळं ऐकू यायचं. बारीक आवाज तेवढे नाहीसे झाले होते. कुकरची शिट्टी झाली की बायको, सगुणा, मागच्या पडवीतून ओरडायची, "गॅस बंद करा," आणि हा विचारायचा, "का, काय झालं?" माणसांचं बोलणं यायचं, पण अर्धंमुर्धं. उरलेलं तो अंदाजाने भरून घ्यायचा आणि "व्हय व्हय" म्हणून मोकळा व्हायचा. माणगावला कानाच्या डॉक्टरला दाखवा म्हणून सगुणा सांगून सांगून थकली. तो म्हणायचा, "तूच हळू बोलतेस." सगुणा हळू बोलते, हे ऐकून शेजारीपाजारी हसायचे. पण येसाजीला हसू येत नव्हतं. डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं आणि ते एखाद्या गिऱ्हाइकाने बघितलं, तर उद्यापासून बोलावणार कोण? या धास्तीने तो गप्प होता.

जानेवारीतल्या एका गार सकाळी सोनलचा फोन आला. सोनल म्हणजे म्हसळ्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसातली क्लार्क. नोकरी अजून हंगामी, पण मशीन तिच्या ताब्यात असायचं आणि ती ते पोटच्या पोरासारखं जपायची.

"काका, मशीन ओरडतंय हो. थंडी पडल्यापासून रोज. सकाळी लावलं की सुरू."

"धर फोन मशीनपाशी."

तिने धरला. येसाजीने फोन कानाला दाबता येईल तेवढा दाबला. खटक, सर्र. खटक, सर्र. कागद उचलला जात होता, कागद बाहेर पडत होता. त्यापलीकडे काही म्हणजे काही नाही.

"ऐकलंत ना?" सोनलने विचारलं.

"ऐकलं की," तो छातीठोक म्हणाला. "रोलर हाय. आलोच."

असं खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. फोन ठेवला. तरी रोलर डिकीत टाकला नि निघाला.

ऑफिस एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर. आत तिघंजण. सोनल होती, शाल लपेटून बसलेल्या नीराबाई शिपाईण होत्या आणि संस्थेचे चिटणीस रामचंद्रभाऊ होते. भाऊ निवृत्त हेडमास्तर. मास्तरकी सुटली तरी मास्तरी आवाज काही सुटला नव्हता. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि संस्थेच्या सगळ्या शाळांच्या प्रश्नपत्रिका याच मशीनवर निघायच्या होत्या.

सोनलने बटण दाबलं. मशीन चालू झालं तशी भाऊंची बोटं कानात गेली. नीराबाईंनी कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं. येसाजीने डोळे मिटले, मान तिरकी केली, नेहमी करायचा ते सगळं केलं. खटक, सर्र. खटक, सर्र. बस.

"हं," तो म्हणाला. "रोलरच."

जुना रोलर काढला, नवा बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं. मशीन त्याच्या कानाला झकास चाललं होतं. "बघा, कसं लोण्यावानी चाललंय," असं म्हणत तो हसतमुखाने वळला. तिघांचेही हात कानांवर होते.

"येसाजी," भाऊ म्हणाले, "तुम्ही आमची चेष्टा करताय का?"

येसाजीच्या तोंडचं पाणी पळालं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, ते आवरायचं कसं हेही त्याला सुचेना.

"न्हाय भाऊ. मी म्हणत व्हतो, रोलर लोण्यावानी चाललाय. आवाज दुसराच कुठला तरी हाय."

"तो आम्हालाही कळतोय. हे बघा, मशीन मधेच बंद पडलं तर मी प्रश्नपत्रिका कुठे नेऊ? बाहेर दुकानात दिल्या तर पेपर फुटायची भीती. तुमच्या हातून होत नसेल तर तसं सांगा. मी पनवेलच्या कंपनीचा माणूस बोलावतो."

भाऊ यात वावगं काहीच बोलले नव्हते. पण येसाजीला पुढचं सगळं दिसलं. पनवेलचा माणूस येणार, आवाज शोधणार आणि संध्याकाळपर्यंत तालुक्यात होणार की येसाजीला आवाज सापडला नाही. ज्याचं सगळं दुकान कानावर चालतं, त्याच्याबद्दल एवढं एक वाक्य पुरे. अंग गार पडलं त्याचं. आणि मग, काय सांगू, त्या गारठ्यातूनच त्याला चीड आली. भाऊंची नाही, स्वतःचीही नाही. त्या आवाजाची चीड आली. सगळ्यांना भेटतो आणि मला तोंड दाखवत नाही म्हणजे काय?

"दुपारपर्यंत थांबा भाऊ," तो म्हणाला. "न्हाय सापडला तर पनवेलला मीच फोन लावून देतो."

त्याने बाह्या सरसावल्या आणि खुर्ची ओढून तिघांसमोर बसला.

"आता मला सांगा, आवाज कसा येतो. तोंडानं काढून दाखवा."

"तुम्ही ऐकलात ना?" सोनल म्हणाली.

"मी ऐकला. पण तुमच्या तोंडून ऐकायचाय."

सोनल लाजली, पण तिने दात आवळून "चिर्र" केलं. तेही येसाजीला धड आलं नाही, आवळलेले दात तेवढे दिसले. नीराबाई म्हणाल्या, "छे, चिर्र कुठलं? कुईकुई करतंय. कुत्र्याचं पिलू दारात अडकलंय जसं." भाऊंनी दोघींनाही नापास केलं. "पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की होतो तसा. त्याला करकर म्हणतात." मग तिघांची जी जुंपली, चिर्र की कुई की करकर, त्यात आवाज राहिला बाजूला. येसाजीने एवढं मात्र उचललं की चिर्र म्हणा, कुई म्हणा, आवाज बारीक आहे, घासल्याचा आहे आणि दातेरी चाक नाही, पंखा नाही, पट्टा नाही. कुठलीतरी दांडी तिच्या बुशात, म्हणजे दांडी ज्या भोकात फिरते त्या प्लास्टिकच्या कडीत, सुकी घासत होती.

पण कुठली? मशीनच्या पोटात दांड्यांचा काय तुटवडा होता?

मग त्याने काय करावं? कानाचं काम डोळ्याला लावलं. मशीनची बाजूची झाकणं काढली, हात आत घातला आणि तोंड केलं नीराबाईंकडे. तिघांत त्यांचं तोंड सगळ्यात बोलकं. मशीन चालू करायचा, आत एकेक दांडी बोटाने दाबून धरायचा आणि बघत राहायचा. आवाज झाला की नीराबाईंचा डावा डोळा बारीक व्हायचा. कागद उचलताना व्हायचा, बाहेर पडताना होत नव्हता. म्हणजे दुखणं कागद उचलायच्या बाजूला. एवढं कळलं तेव्हा येसाजीला इतकं बरं वाटलं की तो नीराबाईंकडे बघून हसला.

"माझ्याकडं काय बघताय?" नीराबाईंनी पदर सावरला. "मशीन तिकडं हाय."

"तुम्ही बसा वो अशाच. हलू नका."

"भाऊ, या माणसाला काय झालंय आज?"

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं आणि हातातली प्रश्नपत्रिका पुन्हा वाचायला घेतली. येसाजीने तिकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा बटण, पुन्हा दांडी, पुन्हा नीराबाई. गुडघे दुखायला लागले, काळी शाई कोपरापर्यंत गेली. कपाळावरचा घाम पुसताना ती तोंडालाही लागली आणि सोनल तोंड फिरवून हसली. हसू दे म्हणाला. आता तो आवाज सोडणार नव्हता.

उन्हं खिडकीतून आत आली. येसाजी एक दांडी दाबून बसला होता. नीराबाईंचा डोळा बारीक होईना. आणखी कागद सोडले, तरी होईना. उलट त्यांनी खांदे सैल सोडले आणि अंगावरची शाल काढून ठेवली.

"थांबला बघा," भाऊ उठलेच. "वा, येसाजी. उगाच नाही लोक तुमचं नाव घेत. नीराबाई, चहा ठेवा."

येसाजीचा ऊर भरून आला. नेमकं काय केलं ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं, पण झालं होतं ना? तेवढ्यात सोनल जवळ येऊन कागद आवरता आवरता म्हणाली, "रोज असाच थांबतो काका, ऊन वर आलं की. आजही आपोआपच थांबला असेल का?"

ती जवळ होती म्हणून त्याने ते ऐकलं. भाऊ लांब होते, त्यांनी नाही ऐकलं.

आता बघा, माणसाची परीक्षा कशी असते. भाऊ खूष होते, चहा उकळत होता. झाकण लावून, चहा पिऊन, नमस्कार करून निघालं की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा ओरडलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशीचं. येसाजीच्या मनात हे आलं, नाही असं नाही. पण ज्याला सकाळपासून हातपाय दुखेपर्यंत शोधला, त्याला असा पळून जाऊ द्यायचा?

"थांबला न्हाय भाऊ," तो म्हणाला. "लपलाय. थंडीत बाहेर येतो, उन्हात लपतो. तो एसी लावा. जेवढा गार होईल तेवढा."

"जानेवारीत एसी?"

"लावाच."

खिडक्या लावल्या, एसी लावला. नीराबाईंनी पुन्हा शाल घेतली, वर भाऊंचा मफलर मागून डोक्याला गुंडाळला आणि येसाजीच्या सात पिढ्यांची हलक्या आवाजात विचारपूस केली. ती त्याला ऐकू आली नाही, हे एका परीने बरंच झालं. खोली थंडगार पडली. मशीन लावलं. नीराबाईंचा डावा डोळा बारीक झाला आणि येसाजीला मूल झाल्यावर झाला होता तेवढाच आनंद झाला.

थंडीत आखडतं आणि उन्हात सुटतं, असं मशीनच्या पोटात काय असतं? तो विचार करत राहिला. कंपनीचं ग्रीस असं करत नाही. त्याने कागद उचलायच्या दांडीचं टोक बोटाने चाचपलं. चिकट लागलं. बोट बाहेर काढलं तर त्यावर पांढरं, मळकट, थिजलेलं काहीतरी होतं, कागदाच्या भुशात कालवलेलं. त्याने ते नाकाशी नेलं. थंडीच्या दिवसांत आंघोळीआधी आपण बाटली उन्हात ठेवून वितळवतो ना, तोच तो वास.

"खोबरेल," तो म्हणाला.

"काय?" भाऊंना वाटलं आपणच चुकीचं ऐकलं.

"मशीनला कुणीतरी खोबरेल लावलंय. एकदा न्हाय, भरपूर लावलंय. उकाडा होता तोवर ते पातळ राहिलं, तेव्हा कळलं न्हाय. थंडी पडली तसं थिजतंय आणि भुसा धरून दांडीला आवळतंय. ऊन आलं की वितळतंय."

सगळे सोनलकडे बघायला लागले. तिच्या तोंडाचा रंग उडाला.

"मीच लावते," ती म्हणाली. "रोज."

भाऊंचा मास्तरी आवाज खोलीभर झाला. "रोज? सोनल, डोकं ठिकाणावर आहे का? एवढ्या महागाच्या मशीनला खोबरेल? वेणी घालायची होती का त्याची? तुला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर सहीला आलाय. आता मी त्यावर सही कुठल्या तोंडाने करू?"

सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती भाऊंकडे नाही, येसाजीकडे बघत होती.

"काका, मी तुम्हाला विचारून लावलं. दिवाळीत फोन केला होता तुम्हाला. ट्रेची बिजागरी करकरत होती. मी विचारलं, खोबरेल लावलं तर चालेल का? तुम्ही म्हणालात, चालेल की, लावायलाच पायजे. रोज संध्याकाळी मशीन बंद केलंस की लावत जा. शहाणी पोर हायस म्हणालात."

येसाजीला तो फोन लख्ख आठवला. श्रीवर्धनच्या बाजारात उभा होता, माशांच्या टोपल्यांशेजारी. पोरगी विचारत होती, कव्हर लावलं तर चालेल का? धूळ बसू नये म्हणून मशीनला कव्हर घालायचं कुणाला सुचतं तरी का? त्याला कौतुक वाटलं होतं. कव्हर. खोबरेल. त्याच्या कानापर्यंत पोचता पोचता दोन्हींत फरक राहिला नव्हता.

भाऊ त्याच्याकडे वळले. "असं म्हणालात तुम्ही?"

उत्तर तयार होतं. मी कव्हरचं म्हणालो, पोरीच्याच ऐकण्यात चूक झाली. भाऊंनी विश्वास ठेवला असता. येसाजीच्या कानावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणाच्या? पोरगी ओरडा खाऊन घरी गेली असती आणि येसाजीचं नाव शाबूत राहिलं असतं. ते उत्तर त्याच्या जिभेपर्यंत आलं. सोनल डोळे पुसत उभी होती. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की त्याने तोंड उघडलं ते ती लाज थांबवायलाच.

"म्हणालो," तो म्हणाला. "तिची काय चूक न्हाय. ती खोबरेल म्हणाली, मला कव्हर ऐकू आलं. मला बारीक ऐकू येत न्हाय भाऊ. वरीस झालं. आज सकाळपासून तुम्ही ज्याच्यासाठी कानात बोटं घालताय तो आवाज मी एकदाबी ऐकलेला न्हाय."

एसीची घरघर तेवढी चालू होती. ती त्याला ऐकू येत होती.

"तरीच," नीराबाई म्हणाल्या. "तरीच सकाळधरनं माझ्या तोंडाकडं बघत व्हते."

"व्हय. तुमच्या तोंडावर शोधला."

भाऊ खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला आणि परत चढवला. येसाजी काळ्या हातांनी उभा होता. पनवेलचा फोन लावायचं आपणच कबूल केलंय, हे त्याच्या ध्यानात होतं. तरी वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटत होतं.

"दुपार झाली," भाऊ शेवटी म्हणाले. तोंड त्याच्याकडे करून, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "दुखणं सापडलंय. मग दुरुस्त करताय की पनवेलला लावू फोन?"

"करतो."

"मग करा. आणि सोनल, तू डोळे पूस. यांना यापुढे फोन करायचा नाही. काय असेल ते लिहून पाठवायचं. शुद्धलेखन सांभाळून."

येसाजी कामाला लागला. दांडी बाहेर काढली, स्पिरिटचा बोळा फिरवून फिरवून बुश आतून लख्ख केला, सोनलने जिथे जिथे प्रेमाने तेल पाजलं होतं ती एकूण एक जागा पुसून काढली. तीही शेजारी बसून बोळे करून देत होती. शेवटी काडीच्या टोकावर येईल एवढंच खरं ग्रीस लावलं आणि दांडी जागेवर बसवली. एसी अजून चालूच ठेवला होता, कारण परीक्षा घ्यायची तर थंडीतच घ्यायची.

बटण दाबलं. खटक, सर्र. खटक, सर्र.

नीराबाई समोरच बसल्या होत्या. या वेळी त्याने त्यांच्या तोंडाकडे मुद्दामच बघितलं नाही. मशीनवर हात ठेवून उभा राहिला.

"सोनल," तो म्हणाला, "थांबला का गं?"

उभ्या जन्मात हा प्रश्न लोकांनी त्याला विचारला होता, त्याने कुणाला नाही.

सोनलने उत्तर द्यायची घाई केली नाही. वाकून आणखी कागद जाऊ दिले, नीट ऐकलं, मग वळसा घालून त्याच्या समोर आली, तिचे ओठ त्याला दिसतील अशी.

"थांबला, काका."

त्याच्या कानाला सकाळपासून आतापर्यंत तसूभरही फरक पडलेला नव्हता. तिच्या शब्दावर विसंबून त्याने झाकण बसवलं आणि स्क्रू आवळायला घेतले.